पोटाचं लायपोसक्शन: सर्जन निवडताना नेमकं काय विचारायचं?

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. पोट आणि कमरेच्या लायपोसक्शनसाठी, म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढण्यासाठी, सर्जन निवडायचा आहे. पुण्यात मिळाला तर उत्तम, नाहीतर मुंबई चालेल. डॉक्टरांची नावं नकोत, विचारायचे प्रश्न हवेत. वय ४१, उंची १५८ सें.मी., वजन ७१ किलो, दोन सिझेरियन, थायरॉइडची गोळी चालू. हातात तीन कोटेशनं आहेत आणि तिन्ही पाट्यांवर 'कॉस्मेटिक सर्जन' असंच लिहिलंय. पहिले एम.बी.बी.एस. आणि पुढे 'फेलोशिप', दुसरे एम.एस. जनरल सर्जरी, तिसरे एम.सीएच. पहिल्यांकडे सगळ्यात स्वस्त. 'सात लिटर काढतो, संध्याकाळी घरी' असं तिथल्या काउन्सेलर बाईंनी सांगितलं. निवड कशाच्या आधारावर करू?

टाकेवाला
'कॉस्मेटिक सर्जन' नावाची पदवी आपल्याकडे नाही, त्यामुळे पाटीवरचा तो शब्द वाचून काहीच कळत नाही. पदवी असते ती एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी (अलीकडे हिलाच डीआर.एन.बी. म्हणतात). एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग एम.एस.ची तीन आणि त्यावर एम.सीएच.ची तीन, असा तो रस्ता आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर थेट सहा वर्षांचा डी.एन.बी. करण्याचीही वाट आहे. 'फेलोशिप' मात्र दोन वर्षांचीही असते आणि शनिवार-रविवारच्या हॉटेलातल्या कार्यशाळेचीही असते. ती कुठली, किती महिन्यांची आणि कोणत्या पदवीनंतर केली, हे तीन प्रश्न विचारा. मूळ सर्जरीची पदवीच नसेल तर फेलोशिपची फ्रेम कितीही मोठी असो, मोजू नका.

तपासायला दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहा. गोव्यातला डॉक्टर असेल तर गोवा मेडिकल कौन्सिल. बहुतेक लोक तिथे नाव दिसलं की खूश होऊन बाहेर पडतात. तुम्ही पुढच्या दोन गोष्टी बघा. एक, 'अतिरिक्त पदवी'च्या रकान्यात एम.सीएच. नोंदवलेली आहे का. एम.बी.बी.एस.ची नोंद तर सगळ्यांचीच असते. दोन, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. आणि हो, एकच क्रमांक दोन वेगळ्या राज्यांच्या कौन्सिलमध्ये दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो, तेव्हा क्रमांकाबरोबर नाव, राज्य आणि वर्षही जुळवा.

शंकासुर
म्हणजे दुसरे, एम.एस. वाले, बाद? जनरल सर्जन रोज पोटं उघडतात की. त्वचेखालची चरबी ओढायला असं काय लागतं?

टाकेवाला
@शंकासुर, बाद नाही म्हणत. पोट उघडणं आणि पोट न उघडता त्याच्या भिंतीवर आंधळेपणाने नळी फिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅन्युला म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची, बोथट टोकाची, टोकाजवळ भोकं असलेली नळी. ती आत कुठे आहे हे दिसत नाही. उजवा हात ती पुढे-मागे करतो आणि डावा हात वरून त्वचेवर ठेवून तिची खोली चाचपत राहतो. सगळं शहाणपण त्या डाव्या हातात असतं. नळी त्वचेच्या फार जवळून गेली की वरून खड्डे आणि लाटा दिसतात, फार खोल गेली तर स्नायू, आणि हर्निया (पोटाच्या भिंतीतलं छिद्र) असेल तर थेट आतडं. त्यामुळे एम.एस. असतील तर लायपोचं शिक्षण कुठे घेतलं, कोणाच्या हाताखाली, किती दिवस, आणि गेल्या वर्षभरात अशा किती केसेस केल्या हे विचारा. 'हजारो' हे उत्तर नाही.

आणि सर्जनच्या आधी आपलं पोट बघा. उताणं झोपून नाभीजवळची चरबी बोटांच्या चिमटीत धरा. जाड घडी हातात आली तर ती त्वचेखालची चरबी, म्हणजे लायपोची. पोट पुढे आलेलं, टणक, आणि चिमटीत जेमतेम दोन सें.मी. येतंय, तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. ढेरी म्हणतात ती बऱ्याचदा हीच. तिथवर कुठलीच कॅन्युला पोचत नाही आणि पोचूही नये. तिसरा प्रकार म्हणजे बाळंतपणांनंतर मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात. झोपून मान उचला. नाभीच्या वर मधोमध उभा उंचवटा आला आणि त्यात दोनपेक्षा जास्त बोटं मावली, तर लायपो करूनही पोट पुढेच राहणार. त्याला टमी टक लागतं, म्हणजे जादा त्वचा कापून स्नायू शिवावे लागतात. जो सर्जन तुम्हाला झोपवून, उभं करून, खोकायला लावून न तपासता थेट लिटर सांगतो, त्याची पदवी बघायचीही गरज नाही.

चिंचगुळ
लिटर काउन्सेलर बाईंनीच सांगितले. डॉक्टर अजून भेटलेलेच नाहीत.

टाकेवाला
मग तो कागद बाजूला ठेवा. काउन्सेलर पॅकेज विकतात, तपासत नाहीत.

कातडीबचाव
टाकेवाले, एक दुरुस्ती. लायपो फक्त प्लास्टिक सर्जननेच करावं असा सूर लागतोय. चरबीत औषधी पाणी भरून, पेशंटला पूर्ण भूल न देता करायची ट्युमेसंट पद्धत १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन यांनी मांडली आणि ते त्वचारोगतज्ज्ञ होते. हनुवटीखाली, दंडाला, छोट्या भागात कमी प्रमाणात करायचं असेल तर प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ ते नीट करतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केस प्रत्यारोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, त्यातही भर औपचारिक प्रशिक्षणावर आहे. कार्यशाळेला हजेरी लावून किंवा यूट्यूबवर व्हिडिओ बघून ते होत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

टाकेवाला
छोट्या भागाबद्दल मान्य. ४१ वर्षांच्या, दोन सिझेरियन झालेल्या पोटाबद्दल नाही. आणि सात लिटरबद्दल तर तुम्हीही मान्य करणार नाही.

कातडीबचाव
सात लिटरबद्दल कानाला खडा.

निवांत_भूल
मी भुलेच्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यात भूलतज्ज्ञाचं नावही अजून आलेलं नाही. कोटेशनमध्येही बहुधा नसेल.

आधी लिटर म्हणजे काय ते. जगभरात पाच लिटरच्या वर गेलं की 'मोठ्या प्रमाणातलं लायपोसक्शन' धरतात. हे पाच लिटर म्हणजे बाटलीत जमा झालेलं सगळं, चरबी आणि पाणी मिळून. इतकं काढलं तर पेशंटला रात्रभर रुग्णालयात, देखरेखीखाली ठेवायचं असतं. सात लिटर आणि संध्याकाळी घरी, ही दोन वाक्यं एकत्र बसत नाहीत.

आता आत काय भरतात ते बघा. एक लिटर सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट, त्यात १:१००० ची अ‍ॅड्रेनालिन १ मिली, आणि लिग्नोकेन साधारण ५०० मिलीग्रॅम. अ‍ॅड्रेनालिनने रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी जातं. लिग्नोकेनने बधिर होतं. एरवी अ‍ॅड्रेनालिनसोबत लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलीग्रॅम. ट्युमेसंटमध्ये ते चरबीतून सावकाश शोषलं जातं म्हणून ३५ पर्यंत जातात, आणि अगदी वरची मर्यादा ५५ मानतात. ७१ किलोला ३५ च्या हिशेबाने २४८५ मिलीग्रॅम. म्हणजे अशा पाण्याचे पाच लिटरही पुरते भरता येत नाहीत. कोणी लिटरमागे १००० मिलीग्रॅम घालत असेल तर अडीच लिटरलाच मर्यादा संपली. सात लिटर काढायचे तर साधारण तितकंच किंवा त्याहून जास्त भरावं लागतं. लिटरमागे ५०० घातलं तरी ३५०० मिलीग्रॅम होतात, म्हणजे किलोमागे ४९. कंबर, पाठ, मांड्या सगळं एका बैठकीत करायचं म्हटलं की हा हिशेब कुठे जातो ते तुम्हीच बघा. पूर्ण भूल दिली तर लिग्नोकेन कमी करता येतं, अगदी वगळताही येतं. पण मग भूलतज्ज्ञ हवाच.

खरी मेख पुढे आहे. या लिग्नोकेनची रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती ऑपरेशननंतर साधारण ८ ते १६ तासांनी. सकाळी दहाला केलं तर संध्याकाळी सहा ते मध्यरात्री दोनच्या दरम्यान. त्या वेळी पेशंट घरी झोपलेली असते आणि जीभ बधिर होतेय, तोंडाभोवती मुंग्या येताहेत, कानात गुणगुण आहे, तोंडाला धातूसारखी चव आहे, हे सगळं 'भुलेचा असर असेल' म्हणून सोडून दिलं जातं. पुढची पायरी झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं.

दुसरं म्हणजे पाणी. भरलेल्या पाण्यापैकी साधारण ६० ते ७० टक्के शरीरातच राहतं आणि हळूहळू रक्तात येतं. वरून कोणी सवयीने शिरेतून तीन-चार सलाइन चढवली तर फुफ्फुसात पाणी. ऑपरेशन नीट झालं आणि रात्री दम लागला, असं ऐकू येतं त्यामागे अनेकदा हा हिशेब चुकलेला असतो. दम लागण्याचं दुसरं कारण म्हणजे फुफ्फुसात गेलेली रक्ताची गाठ किंवा चरबीचे कण. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र वेगवेगळे. म्हणून ओळखणारा माणूस जवळ लागतो.

सर्जनला विचारायचे माझे प्रश्न एवढेच:
भूल कोण देणार, त्यांची पदवी काय (एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. अ‍ॅनेस्थेशिया), आणि ते पूर्ण वेळ टेबलाजवळ थांबणार की इंजेक्शन देऊन दुसऱ्या केसला जाणार?
रात्री डॉक्टर इमारतीत असेल का, फोनवर नाही?
आयसीयू त्याच इमारतीत आहे, की रुग्णवाहिका बोलवावी लागेल?
वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं, स्निग्ध पदार्थाचं दुधासारखं औषध) ठेवलंय का? लिग्नोकेनची विषबाधा झाली तर ते सुरुवातीला किलोमागे दीड मिली भरभर द्यायचं असतं. ७१ किलोला १०६ मिली, आणि पुढे चालू ठेवावं लागतं. 'मागवतो' म्हणाले तर उठा.

शंकासुर
शेवटचा प्रश्न विचारला की डॉक्टर रागावतील ना हो?

निवांत_भूल
ज्याच्या कपाटात बाटली आहे तो दोन सेकंदात हो म्हणतो. रागावायला वेळ कुठाय.

कातडीबचाव
बंगळुरूत मे २०२२ मध्ये एका तरुण अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या प्रक्रियेनंतर मृत्यू झाला. तेव्हाही अतिदक्षतेच्या सोयीवरूनच प्रश्न उठले होते. चर्चा मात्र आठवडाभर 'सुंदर दिसायची हौस' यावर चालली. असो.

ओटीसिस्टर
काही बारीकसारीक गोष्टी, ज्या सल्लामसलतीच्या खोलीत कोणी सांगत नाही.

ऑपरेशन थिएटर बघायला मागा. आत सोडणार नाहीत, पण रिकव्हरी रूम दाखवायला हरकत नसते. पलंगाशी मॉनिटर, भिंतीत ऑक्सिजन किंवा भरलेला सिलेंडर, सक्शन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) दिसतोय का? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? हसू नका, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या क्लिनिकात पेशंटला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागतं.

छेदांतून पहिले २४ ते ४८ तास गुलाबी पाणी पाझरतं. ते रक्त नसतं, आत भरलेलंच बाहेर येतं, आणि बरंच येतं. घरी गादीवर मेणकापड, वर जुनी चादर, आणि गाडीच्या सीटवरही काहीतरी. गडद लाल आणि गोळे येत असतील, किंवा पोट फुगून टणक झालं, नाडी १०० च्या वर राहिली, दुखणं दर तासाला वाढत गेलं, तर फोन नाही, थेट रुग्णालय.

प्रेशर गारमेंट दोन घ्या, एक धुवायला. मापं ऑपरेशनच्या आधी घेतात. 'घट्ट असेल तितकं चांगलं' हे खोटं. बसल्यावर कमरेशी त्याची गुंडाळी होते आणि तिथेच त्वचेवर कायमची खाच पडते. चुणी पडू द्यायची नाही, लागलं तर खाली फोमचा तुकडा ठेवायचा. साधारण चार ते सहा आठवडे घालावं लागतं.

आणि पहिल्यांदा गारमेंट काढून अंघोळीला जाताना पेशंट हमखास चक्कर येऊन पडतात. दाब एकदम सुटला की बी.पी. खाली येतं. आधी काहीतरी खाऊन घ्या, पलंगावर बसूनच हुक काढा, पाच मिनिटं तशाच बसा, मग उठा. बाथरूमला आतून कडी लावू नका आणि घरचं कोणीतरी दाराशी असू द्या.

चिंचगुळ
ओटीसिस्टर, ही कडीची गोष्ट तीनपैकी एकाही माहितीपत्रकात नाही! औषधांचं काय बंद करायचं? थायरॉइडची गोळी?

निवांत_भूल
थायरॉइडची गोळी त्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. टी.एस.एच. (थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा) मात्र जागेवर असायला हवा. ब्रुफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर आधी बंद. अ‍ॅस्पिरिन कोणी हृदयासाठी घेत असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, जिन्कोसारखी 'हर्बल' पुड्यांमधली औषधं दोन आठवडे आधी बंद, त्यांनी रक्त पातळ होतं आणि लोक ती औषधांत मोजतच नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढवतात, त्या साधारण महिनाभर आधी थांबवायचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून करा.

हल्ली नवीन भर म्हणजे वजनाची आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड. जिमवाल्याने सुचवली म्हणून घेतात आणि आम्हाला सांगत नाहीत. त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं. सहा तास उपाशी असूनही पोटात अन्न सापडतं, भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते सांगा. निदान एक आठवडा आधी थांबवायला सांगतात.

टाकेवाला
यात तंबाखूची भर घालतो, आणि सिगारेटपुरती नाही. मशेरी, गुटखा, तपकीर, सगळं. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. साध्या लायपोत निभावून जाईल, पण टमी टकमध्ये नाभीखालचा त्वचेचा पदर मुळापासून लांब ताणलेला असतो. त्याच्या टोकाला रक्त पोचलं नाही की टाक्याच्या मधोमध काळा पट्टा पडतो आणि तो भाग सडतो. आधी चार आठवडे, नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगगम आणि पट्ट्याही त्यातच. 'फक्त सकाळी दात घासायला मशेरी' हे मशेरीच असतं, हे सांगायला संकोच करू नका. सर्जनही बायकांना हा प्रश्न विचारायला विसरतात.

तपासण्यांत हिमोग्लोबिनकडे लक्ष द्या. १२ च्या आसपास हवं. १० च्या खाली असेल तर लोहाची औषधं घेऊन दोन-तीन महिने थांबा. तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याच्या चाचण्या, ई.सी.जी. हे नेहमीचंच. दोन सिझेरियन झालेल्या पोटाला पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी मी जरूर म्हणेन, हर्नियासाठी.

कोर्टकचेरी
कागदांचं मी सांगते.

डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २०२३ चे नवीन नियम स्थगित आहेत, त्यामुळे २००२ चेच लागू आहेत. त्यानुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशांच्या पावतीवर हवा. त्या शाखेची खास पात्रता नसताना स्वतःला त्यातला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. आणि तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. ही मागणी लेखी करा आणि पोच घ्या. ऑपरेशन नोट, भुलेचा तक्ता आणि डिस्चार्ज कार्ड, तिन्ही हवेत. ऑपरेशन नोटमध्ये किती मिली भरलं आणि किती काढलं हे आकडे असतात. पुढे काही बिघडलं आणि दुसऱ्या सर्जनकडे जावं लागलं तर तो पहिली हीच गोष्ट विचारतो.

संमतीपत्र आदल्या दिवशी घरी न्या, मराठीत मागा. ऑपरेशनच्या सकाळी, चष्मा काढून ठेवलेला असताना, बारा पानांवर सह्या करू नका. त्यात ऑपरेशन करणाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं. 'डॉ. अमुक व त्यांची टीम' यातली टीम खोडा किंवा नावं लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सांगितलंय की एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. म्हणजे पोटाची सही घेऊन 'जाता जाता दंडही केले' हे चालणार नाही. फोटोंची संमती वेगळ्या कागदावर घ्या. नोंदीसाठी फोटो ठीक, इन्स्टाग्रामसाठी नाही, असं हाताने लिहा.

पैशांत लोक दोन ठिकाणी फसतात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांसाठीची प्लास्टिक सर्जरी त्यातून मुक्त. दीड लाखाच्या कोटेशनवर 'कर वेगळा' अशी बारीक ओळ असेल तर द्यायचे एक लाख सत्त्याहत्तर हजार. आणि विमा सौंदर्यशस्त्रक्रियेला पैसे देत नाही, तो ठरलेल्या अपवादांत आहे. 'हर्निया दाखवून क्लेम करून देतो' असं कोणी म्हणालं तर ती विमा कंपनीची फसवणूक आहे आणि सही तुमची असते. खरंच हर्निया निघाला तर दुरुस्तीचं बिल वेगळं, लायपोचं वेगळं.

स्वस्त कोटेशनमध्ये काय नाही ते वाचा. भूलतज्ज्ञ, खोली, गारमेंट, तपासण्या, आणि गुंतागुंत झाली तर पुन्हा थिएटरचा खर्च कोणाचा? हे सगळं धरून तिन्ही कोटेशनं एका कागदावर मांडलीत की फरक बराच वितळेल.

शंकासुर
आणि गूगलवरचे तारे? ४.९ आहे म्हणे.

कोर्टकचेरी
चहा चांगला, स्टाफ हसतमुख, पार्किंग आहे. वाचून बघा, बहुतेक पाच तारे ऑपरेशनच्या आधी दिलेले असतात.

कातडीबचाव
'आधी-नंतर'च्या फोटोंबद्दल. दोन्ही फोटोंत कॅमेऱ्याची उंची, उजेड आणि अंतर सारखं आहे का? नंतरच्या फोटोत श्वास आत ओढलाय का? बरगड्या वर उचललेल्या दिसतात. आणि तारीख बघा. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, दहाव्या दिवसाच्या फोटोला अर्थ नाही. बाजूने आणि पुढे वाकून काढलेले फोटो मागा, लाटा आणि खड्डे वाकल्यावरच दिसतात. आपल्याच वयाच्या आणि बाळंतपणं झालेल्या पोटाचे फोटो मागा, पंचविशीतल्या मॉडेलचे नको.

यंत्राच्या नावांनीही भुलू नका. व्हेसर (अल्ट्रासाउंडचं यंत्र), लेझर, हाय-डेफिनिशन, ही साधनं आहेत. अल्ट्रासाउंड आणि लेझर उष्णता तयार करतात, कच्च्या हातात आतून त्वचा भाजते. चरबी गोठवण्याच्या यंत्राने क्वचित उलट त्याच भागात चरबी वाढून टणक गाठ होते, अगदी यंत्राच्या कपाच्या आकाराची. चरबी विरघळवण्याचं डीऑक्सिकोलिक आम्लाचं इंजेक्शन हनुवटीखालच्या चरबीसाठी मान्य झालेलं आहे, पोटासाठी नाही.

दुबईकर_पंत
बायकोसाठी विचारतोय. डिसेंबरात पुण्यात पंधरा दिवस येतो तेव्हा टमी टक उरकता येईल का? इथे खर्च फार आहे.

टाकेवाला
पंत, पंधरा दिवसांत नाही. टमी टकनंतर आत साठणारं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळ्याच काही जणींच्या आठवड्याहून जास्त राहतात. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली पाणी येऊ लागलं की काढतात. पहिला आठवडा कमरेत वाकून चालावं लागतं. पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत जास्त, त्यात विमानात पाय मुडपून बसणं. लायपोनंतर लांबच्या प्रवासाला निदान दोन आठवडे, टमी टकनंतर चार ते सहा, असं बहुतेक सर्जन सांगतात. शिवाय त्वचेखाली पाणी साठणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतं. ते सुईने ओढायला तिथे कोण आहे? आधी व्हिडिओवर भेट, इथे आल्यावर प्रत्यक्ष तपासणी, आणि निदान दीड महिन्याची सुट्टी. आणखी मूल हवं असेल तर टमी टक पुढे ढकला, शिवलेले स्नायू गरोदरपणात पुन्हा ताणले जातात.

चिंचगुळ
सगळ्यांचे आभार. तिघांनाही प्रश्न पाठवले. पहिल्यांच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, 'सर स्वतःच भूल देतात.' दुसऱ्यांनी लिपिडच्या बाटलीबद्दल 'तशी वेळच येत नाही' असं कळवलं. तिसऱ्यांनी झोपवून तपासलं, 'तीन लिटरच्या वर जाणार नाही, रात्रभर ठेवीन, आधी सोनोग्राफी करा' म्हणाले. आज रिपोर्ट आला. नाभीच्या जरा वर ८ मिलिमीटरचं छिद्र, त्यातून चरबी बाहेर येतेय. दुखत वगैरे काही नाही. आता लायपो रद्दच का?

टाकेवाला
रद्द नाही, क्रम बदलेल. छिद्र माहीत असेल तर सर्जन त्या जागेभोवती निशाणी करून तिथून कॅन्युला नेत नाही, किंवा आधी हर्निया दुरुस्त करून काही महिन्यांनी लायपो करतो. स्नायूही लांब गेले असतील तर टमी टकमध्येच छिद्र शिवलं जातं. कुठला मार्ग ते त्यांनाच ठरवू द्या. फक्त मध्ये एका जनरल सर्जनचं मत घ्या, ससूनच्या ओपीडीतही मिळेल. जाताना नुसता रिपोर्ट नको, फिल्मही न्या, आणि सोनोग्राफी खोकायला लावून केली होती का ते विचारून घ्या. झोपून शांत श्वासात केलेल्या तपासणीत सिझेरियनच्या टाक्याजवळचं दुसरं छिद्र निसटू शकतं.

निवांत_भूल
आणि पहिल्यांकडे अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर परत मागा. एकच माणूस भूलही देणार आणि नळीही फिरवणार असेल, तर मॉनिटरकडे बघायला खोलीत कोणी उरत नाही.

चिंचगुळ
पाच हजार भरलेत. उद्याच लेखी अर्ज देते, पोच घेऊन.